वरची काडी

केशराची एक काडी साधारण दोन मिलिग्रॅम भरते. ती डाव्या पारड्यात पडली की माझा काटा पट्टीवर किंचित उजवीकडे सरकतो आणि तिथेच थांबतो.

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना तराजू आहे. राहतो काचेच्या पेटीत. कुणी जवळ श्वास सोडला तरी माझी पारडी हलतात, म्हणून तोलताना पेटीचे दार लावावे लागते. रसायनशास्त्राच्या मृणालिनीबाईंनी मला तीस वर्षे वापरले. वजने त्या नेहमी चिमट्याने उचलत, कधी बोट लावले नाही. पुढे शाळेत विजेवरचे तराजू आले आणि मी अडगळीत गेलो. निवृत्त होताना बाईंनी मला रीतसर विकत घेतले आणि उत्तरेतल्या या तीर्थक्षेत्री, रामघाटाच्या गल्लीत, यजमानांच्या म्हणजे नरहरपंतांच्या दुकानात आणून ठेवले. पंत तिथे पूजेचे सामान, अत्तर आणि केशर विकतात. केशर तोलायला बाई बसतात.

या दुकानाची एक रीत आहे. पारडी समान झाली की वर एक काडी टाकायची. पंतांच्या वडिलांनी ती घालून दिली. तोललेले विकायचे आणि वरची काडी प्रेमाची, असे ते म्हणत. सुरुवातीला ती काडी पडली की मला बरे वाटे.

दोन हिवाळ्यांपूर्वी केशर खरोखरच कमी आले. भाव चढला, ते समजण्यासारखे होते. पुढच्या हिवाळ्यात माल नेहमीसारखा आला, नेहमीच्याच भावाने. पंत मात्र एकच डबा समोर ठेवू लागले. बाकीचे देवघराखालच्या कपाटात गेले आणि भाव चौपट झाला.

थंडीत दुधाच्या फेसाची, केशर घातलेली मलइयो विकणारा विश्वेश्वर भाव ऐकून हसत म्हणाला, "इस भाव में तो हम हल्दी डालेंगे, पंतजी."

पंतही हसले. तो गेल्यावर बाईंना म्हणाले, "केशर म्हणजे काय पीठ-मीठ आहे? त्यावाचून कुणी मरत नाही. परवडत नाही त्यानं घेऊ नये."

बाईंनी माझे दार लावले.

केशरावाचून कुणी मरत नाही, हे खरे आहे. पण कपाट भरलेले असताना हात जोडून "नाही" म्हणणे, ही चैनीच्या वस्तूची किंमत नव्हे. मला त्याहून जास्त किळस आली ती वरच्या काडीची, कारण ती चालूच होती. "एवढ्या टंचाईतही पंत काडी चुकवत नाहीत," म्हणून लोक त्यांना दुवा देत. माझे वजन अचूक, म्हणून भावावरही विश्वास ठेवत. पारड्यावरचा डाग पुसता येतो. हे कशाने पुसायचे? माझी काच पुसताना बाईंचा हात रोज थांबे, आणि रोज पुन्हा चालू होई.

परवा सकाळी शेजारच्या वेदपाठशाळेतले नीलकंठशास्त्री आले. त्यांच्या मुलीचे, ईशानीचे, डोहाळजेवण होते. भाव ऐकून त्यांनी हातातले पैसे पुन्हा मोजले.

"एक ग्रॅम नेणार होतो. पावच द्या. सगळ्यांच्या केशरीभातात नाही, निदान पोरीच्या वाटीत तरी पडेल."

"माल ही नहीं आ रहा, शास्त्रीबुवा," पंत म्हणाले. "तुम्ही घरचे, म्हणून देतोय." मग ते बाईंकडे वळले. "अहो, वरची काडी घाला बरं का."

बाईंनी चिमट्यात काडी धरली. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले आणि पंतांसाठी आशीर्वाद पुटपुटू लागले. काडी पारड्यावर अधांतरी राहिली.

मित्रांनो, तराजू कोरडा ठेवा, त्याच्यावर धूळ बसू देऊ नका. पण माझ्यासारखा तराजू फक्त वजन सांगतो. बाकीचे खरे माणसालाच सांगावे लागते, आणि ते वेळेवर सांगा. दोन हिवाळे मी वाट पाहिली आहे.

बाईंनी काडी परत डब्यात ठेवली.

"शास्त्रीबुवा, आशीर्वाद राहू द्या," त्या म्हणाल्या. "केशर संपलेलं नाही. देवघराखाली सहा डबे आहेत. तुमचा एक ग्रॅम मी जुन्या भावानं तोलते."