टीव्हीतला जांभळा चेहरा

बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारीपाजारी, त्यांची मुलं, वर त्यांचे पाहुणे, सगळे त्या जुन्या जाडजूड टीव्हीसमोर हात जोडून बसलेले. बातम्या चालू होत्या आणि बातम्या सांगणाऱ्या बाईंचा अर्धा चेहरा जांभळा पडला होता.

"हे कपाळ, हे नाक," त्या जांभळ्या डागावर बोट फिरवत तेजबाबा म्हणाले. "घरधनी आलेत. नाराज आहेत."

मला विचाराल तर तो डाग वांग्यासारखा दिसत होता. पण मला कोण विचारतो? मी टीव्ही दुरुस्त करणारा आणि वर्षापूर्वी गेलेल्या त्या घरधन्याचा मित्र. वहिनींनी मला दुरुस्तीला नव्हे, दर्शनाला बोलावलं होतं.

बाबांनी रेशमात गुंडाळलेली डबी पडद्यासमोरून फिरवली. डाग डबीमागोमाग सरकला. खोलीभर "अहाहा" झालं.

"घरात आलेलं नवं पाऊल त्यांना खपत नाही. सुनेला माहेरी पाठवा, कायमची. ती गेली की घरातली वीज तासभर बंद ठेवा. मग चेहरा दिसायचा नाही."

सून दाराशी उभी होती, भरलेली बॅग पायाशी. तिचा नवरा स्वतःच्या चपला इतक्या निरखून बघत होता, की त्या दुसऱ्याच्या असाव्यात असं वाटावं. मला त्याचा संताप आला. सुनेचा गुन्हा काय, तर बाबा पहिल्यांदा डबी फिरवून घर शुद्ध करत होते तेव्हा तिने विचारलं होतं, "डबीत काय आहे?" हे तिनेच मला जिन्यात सांगितलं. त्याच दिवशी डाग उमटला.

बाबांचं बाकी सगळं दैवी होतं, पण वीज तासभर बंद ठेवणं थेट माझ्या धंद्यातलं होतं.

"बाबा, डबीच्या पाया पडतो," म्हणत मी वाकलो. खिशातला स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. तो चट्कन डबीला चिकटला.

"शक्तीची ओढ!" बाबा गडबडीने म्हणाले.

"शक्ती खरीच. फुटक्या स्पीकरमधून मी अशा पुष्कळ काढल्यात." मी डबी हातात घेऊन रेशीम सोडलं, झाकण उघडलं. आत गोल, काळा चुंबक. तो पडद्याजवळ धरून मी घरधन्याला झुपकेदार मिशा काढून दिल्या. पोरं खिदळली. मोठ्यांनी खोकल्याचं निमित्त केलं.

"काचेमागे लोखंडी जाळी असते," मी म्हणालो. "चुंबक फिरवला की तिलाही चुंबकाचा गुण लागतो, रंग भलतीकडे पडतात. सेटमध्येच तारेचं एक वेटोळं असतं. मोठं बटण बंद करून सेट गार होऊ दिला आणि पुन्हा चालू केला, की ते जाळीचा हा गुण घालवतं. नुसत्या रिमोटने तसं होत नाही. वहिनी, ते बटण बंद कधी केलंत?"

वहिनींचे डोळे भरले. "नाही केलं. शेवटचं यांनी दाबलं होतं. तेव्हापासून कुणाला हात लावू दिला नाही."

यावर मला चेष्टा सुचली नाही. बाबांना मात्र हे ठाऊक होतं, आणि त्यावरच त्यांचं दुकान चाललं होतं. ते आता स्वतःच्या वहाणा शोधत होते.

"वहिनी, तो जेवायला बसण्याआधी रोज ते बटण बंद करायचा," मी म्हणालो. "त्याची आठवण बटणात कशाला कोंडता?"

त्या उठल्या आणि त्यांनीच बटण बंद केलं. अर्धा तास सेट गार होऊ दिला. मग त्या म्हणाल्या, "सूनबाई, तू चालू कर."

सेट धुम्म करून घुमला. बातम्यांच्या बाई नखशिखांत माणसाच्या रंगाच्या झाल्या.

मंडळी, नमस्कार कुणालाही करा, पण आधी डबी उघडून बघा. आणि एखाद्या सुनेने आत काय आहे विचारलं, तर तिलाच घराबाहेर काढू नका.

वहिनी मुलाकडे वळल्या. "चपला बघून झाल्या असतील, तर तिची बॅग आत ठेव."