बोरखेडीचं पाणी

पंजाबरावांनी आधी फेटा आत सरकवला, मग डोकं, आणि शेवटी धोतराचा सोगा आवरत उरलेले पंजाबराव आत घेतले. ती चिमुकली राखाडी मोटार एका अंगाला अशी झुकली की बघ्यांच्या घोळक्यातून कोणीतरी "उलटली, उलटली" असं पुटपुटलं. मोटार उलटली नाही. मागच्या सीटवर बसलेली त्यांची सून ललिता पदराचं टोक दातात धरून हसू दाबत होती, आणि तिच्या शेजारची फ्रेंच मडम दाबण्याच्या भानगडीत न पडता खळखळून हसत होती.

"सांग त्या सायबाले, चालव म्हना," पंजाबराव म्हणाले. "वरूडातच दिवस काढाचा हाय का?"

साहेब रेने आणि मडम ओदेत हे जोडपं त्या डबड्यातून थेट फ्रान्सहून, किती तरी देश ओलांडत आलं होतं. संत्री घ्यायला म्हणून पंजाबरावांच्या बगीच्यापाशी थांबलं आणि अडकलं. कारण पंजाबरावांकडे आलेला पाहुणा मुक्काम केल्याशिवाय जात नसे. जाऊ देत नसत. साहेबाला इंग्रजी येत नव्हतं. मडमचं मोडकं होतं. ललिताचं अमरावतीच्या मॅट्रिकचं, तेही लग्नानंतर गंजलेलं. पण दोन मोडक्या इंग्रजी एकमेकींत अशा फिट्ट बसल्या की पहिल्याच दिवशी मडमला चुलीवरची भाकरी थापता येऊ लागली. आज पंजाबराव त्यांना आपल्या मुलखातली गावं दाखवणार होते. ललिताचा नवरा संत्र्याचा ट्रक घेऊन नागपूरला गेला होता, दुभाषी म्हणून दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ललिताची वर्णी लागली होती.

ती मनातून नुसती उडत होती. याच रस्त्याने ती सून होऊन आली ती दमणीत बसून, समोर बैलांच्या शेपट्या बघत. आज मोटारीचं कापडी छप्पर गुंडाळून मागे टाकलेलं होतं, वर डिसेंबरचं निळंभोर आभाळ होतं, आणि दोन्ही बाजूंना कापसाची पांढरी शेतं पळत होती. वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघत. ललिताने एकीला चक्क हात हलवला आणि मग सासरे पुढे बसलेत हे आठवून तो हात पदरावर आणला.

ओदेतला मोठी शहरं नको होती. आपल्या देशातही आम्ही हमरस्ता सोडून लहान गावांतून हिंडतो, ती सांगत होती. कोंक नावाचं एक गाव आहे, दरीच्या कुशीत. घरं दगडाची आणि छपरंही दगडाचीच, गल्ल्या इतक्या उतरत्या की हातातून बटाटा सुटला तर खाली जाऊनच सापडायचा. दुसऱ्या एका गावात ओढ्याकाठी बायांना धुणं धुवायला छप्पर घातलेली जागा आहे.

ललिताने हे सगळं मराठीत करून सांगितलं.

"धुन्यावर छप्पर?" पंजाबरावांनी मान वळवली. "मंग कपडे वाळते कुठी? इचार बरं तिले."

ओदेतला हा प्रश्न इतका आवडला की तिने तो नवऱ्याला फ्रेंचमध्ये सांगितला, आणि मोटार हसत हसत मोर्शीत शिरली.

तिथे चहाच्या दुकानात पाण्याचे पेले आले. ओदेतच्या खांद्याला उकळलेल्या पाण्याची बाटली असायची, डॉक्टरने बजावून दिलेली. पण यजमानाचं मन मोडू नये एवढं तिला कळत होतं. तिने पेला पंजाबरावांपुढे धरून विचारलं, "गुड?" पंजाबरावांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, मिशी पुसली. "हलकं हाय. पे म्हना." मग तिवशातही तेच झालं. तिथलं पाणी जड निघालं, आणि मडमने निमूट बाटली उघडली. पाण्याच्या बाबतीत पंजाबराव खोटं बोलत नसत.

कौंडण्यपूरला मात्र त्यांची छाती फुगली. रुक्मिणीचं माहेर ते हेच, वर्धा नदी ती हीच, असं ते अशा थाटात सांगत होते की जणू दोन्ही त्यांच्याच खात्यावर होती. ओदेत पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडून राहिली. मग ती ललिताला म्हणाली, "आता अजून एक गाव. अगदी लहान. तुला आवडतं ते."

नदीपासून थोड्याच अंतरावर बोरखेडी होतं. ललिताचं माहेर.

चार वर्षं तिने त्या गावाचं तोंड पाहिलं नव्हतं. तिच्या लग्नात पंगतीला बसलेल्या पंजाबरावांना ठसका लागला. त्यांनी पाणी मागितलं, पुन्हा मागितलं. तिचा भाऊ सहदेव दिवसभर राबून पार वैतागलेला, तो म्हणाला, "इहिरीत हाय, घ्या काढून." भर पंगतीत. पंजाबराव भरल्या ताटावरून उठले आणि म्हणाले, या गावचं पाणी माझ्या घरचं कोणी पिणार नाही. जिथलं पाणी प्यायचं नाही तिथे सुनेला धाडायचं कसं? माय भेटायची ती कार्तिकात, कौंडण्यपूरच्याच जत्रेत, गर्दीत उभ्या उभ्या. यंदा तीही आली नव्हती. गुडघे धरलेत, असा निरोप होता.

"मडमला बोरखेडी बघायचंय" असं आपण सासऱ्यांना सहज सांगू शकतो, हे ललिताच्या लक्षात आलं. कोणाला कळणार होतं? पण खोटं तिच्या जिभेवर येईना. तिने मडमलाच सारं खरं सांगून टाकलं. पंगत, ठसका, विहीर, सगळं.

"तिथे बघण्यासारखं काय आहे?" ओदेतने विचारलं.

"काही नाही. लिंबाचं झाड. माझी आई."

ओदेत उठली, ओले पाय तसेच बुटांत घातले आणि पंजाबरावांपुढे जाऊन म्हणाली, "बोर-खे-दी."

पंजाबरावांच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे थांबलं. "तिथं काय पाहाचं हाय?"

ललिताने विचारलं. मडमने उत्तर दिलं. ललिताने खाली मान घालून ते मराठीत आणलं, "ती म्हनते मामाजी, तिच्या देशातही जिथं पाहासारखं काही नसते तिथंच ती पयले जाते."

पाहुण्याने मागावं आणि आपण नाही म्हणावं, हे पंजाबरावांच्याने झालं नसतं. "चाला," ते शेवटी म्हणाले. "पन मी गाडीतून उतरनार नाई. सांगून ठेवतो."

बोरखेडीत मोटार शिरली तेव्हा अख्खं गाव मागे धावत होतं. लिंबाखाली गाडी थांबली. ललिता उतरली आणि आपण चालतोय की पळतोय याचं तिला भान राहिलं नाही. तिची माय पार्बताबाई भिंत धरून दारात आली होती. तिने लेकीला बघितलं, मग गाडीतल्या फेट्याला बघितलं, आणि लेकीच्या गालावरून नुसता हात फिरवला. किती वाळली होती माय. ललिताला रडू फुटलं ते फुटलंच.

पंजाबराव समोरच्या काचेतून सरळ बघत बसले होते. काचेपलीकडे एक शेळी होती.

सहदेव कुठे दिसत नव्हता. मग विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर ऐकू आली आणि तो मागच्या बाजूने भरलेली घागर घेऊन आला. पार्बताबाईने त्यातून लोटा भरला, गुळाचा खडा वाटीत ठेवला आणि मडमपुढे केला.

ओदेतने लोटा घेतला. तिची बाटली गाडीतच राहिली होती, की तिने मुद्दाम ठेवली होती कोण जाणे. ती अंगणातून चालत मोटारीपाशी गेली आणि दिवसभर करत आली तसाच तिने लोटा खिडकीतून आत धरला.

"गुड?"

सहदेव घागरीवर हात ठेवून उभा होता. या शब्दाचं मराठी आता कोणालाच नको होतं. पाणी वाईट आहे म्हणावं तर पाहुणीसमोर न चाखता बोलल्यासारखं होणार, चांगलं आहे म्हणावं तरी तेच. पंजाबरावांनी एकदा लोट्याकडे पाहिलं, एकदा मडमकडे. मडम थांबली होती. तिला कसलीच घाई नव्हती.

"इवाईबुवा," सहदेव म्हणाला. "आत्ताच काढलं. मी सोता काढलं."

पंजाबरावांनी गाडीचं दार उघडलं. आधी पाय बाहेर आले, मग धोतर, मग फेटा. जमिनीवर उभं राहून त्यांनी लोटा दोन्ही हातांनी घेतला आणि एक घोट घेतला. तोंडात घोळवला. मग दुसरा घेतला, मग लोटा उंच धरून घटाघटा अर्धा केला. पाणी मिशीवरून सदऱ्यावर सांडलं तरी पुसलं नाही.

"सांग तिले," ते ललिताला म्हणाले, "जरासं मचूळ हाय. पन पेयासारखं हाय."

ललिताने सांगितलं. तिचं इंग्रजी आणखीच मोडलं.

"अन् हेबी सांग," पंजाबराव शेळीकडे बघत म्हणाले, "वापस जातानी मांगच्या सीटवर तिले एकटीलेच बसा लागन. संक्रांतीपर्यंत तरी मांगं कोनी नाई. जमन का, इचार."

ओदेत ललिताच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली. पण हे वाक्य तिला कोणी सांगितलंच नाही. ललिता मायकडे वळली होती.