पोटरीतलं भात

"उपटणार नाही म्हणजे काय?" प्रद्युम्न बांधावरूनच ओरडला. तमिळमध्ये ओरडला, कारण खाली शेतात उभ्या असलेल्या बायका गावातल्या होत्या. चिन्नपोण्णूनं कमरेला खोचलेला पदर सोडला आणि शांतपणे सांगितलं, "पोटात आहे तिच्या. मी हात लावणार नाही." बाकीच्या बायकाही तिच्यामागून बांधावर चढल्या.

तिकडे मांडवात पुण्याहून आलेली बसभर मंडळी पायांना सनस्क्रीन चोपडत होती. चिखलात घालायच्या पायांना! सकाळी तंजावुरात राजवाडा आणि ग्रंथालय उरकून, 'आपलंच राज्य होतं हो इथं' असं एकमेकांना बजावून ती आता भाताची लावणी करायला आली होती. अर्धा तास लावणी, मग फोटो, मग केळीच्या पानावर जेवण.

माझं काम शब्द समजावून सांगण्याचं. सगळी नोकरी शेतकी खात्यात गेली, कावेरीकाठची गावं मोपेडवरून पालथी घातली. निवृत्त झाले तेव्हा प्रद्युम्ननं त्याच्या या शेतावर बोलावलं, कारण मराठी पाहुण्यांशी मराठीत बोलणारं कोणी त्याला हवं होतं. आम्ही दोघंही इथल्याच जुन्या मराठी घरांतले, पण त्याचं मराठी स्वयंपाकघरापुरतं. दर रविवारी मी तेच सांगते. बी दाट फेकून रोपं वाढवतात ती रोपवाटिका. पाणी भरून जमीन लोण्यासारखी मऊ करतात ती चिखलणी. वाढलेली रोपं त्या चिखलात खोचतात ती लावणी. इथवर आलं की जेवणाची घंटा होते आणि पुढचं कोणी विचारत नाही. पाहुण्यांनी वाकडीतिकडी खोचलेली रोपं दुसऱ्या दिवशी बायका उपटून टाकतात, आणि पुढच्या रविवारी त्याच तुकड्यात नवे दिवटे उतरतात. मांडव जवळ, पाय धुवायला नळ जवळ, म्हणून हा तुकडा कायमचा या तमाशाला जुंपलेला. त्यात कधी दाणा म्हणून धरला नव्हता.

या खेपेला धरत होता. कालव्यावरच्या पुलाचं काम निघालं, बस येईना, आणि शेवटच्या टोळक्यानं खोचलेलं भात उपटायला कोणी गेलं नाही. बायकांनी ओळी सरळ केल्या, मी येताजाता तण काढलं. फुटवे आले, म्हणजे एका काडीच्या बुडातून आणखी काड्या निघाल्या, आणि आता ते पोटरीत आलं होतं, लोंबी काडीच्या पोटात होती. मला ते पिकलेलं बघायचं होतं. प्रद्युम्नकडून मला दुसरं काही नको होतं.

"येवढें राहूं दे रे," मी म्हटलं. "मी त्यांना पोटरी दाखवतें. कोणीं दाखवलीय त्यांना?"

"अक्का, बुकिंग लावणीचें आहे. पोटरीचें नव्हे."

"मग त्यांनाच विचारतें."

"विचारा की," तो हसला. "सांगाचें काम तुमचेंच."

मी मंडळींना बांधावर बोलावलं. एक काडी न उपटता हातात धरली. "हात लावून बघा. येथें फुगलीय, हिला पोटरी म्हणतात. आंत लोंबी आहे. थोड्या दिवसांत बाहेर येईल, तें निसवणें. मग दाण्यांत चीक भरतो, दुधासारखा. तो घट्ट झाला की तांदूळ. मग तुमी जेवतां."

"अय्या, किती गोड बोलता!" निळ्या टोपीतल्या बाई म्हणाल्या. "जुनी मराठी ना? परत म्हणा ना, रेकॉर्ड करते."

मी परत म्हटलं. त्या तुकड्यासाठी पोपटासारखं म्हटलं. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, काडीकडे नाही.

"म्हणून विचारतें, आज हें राहूं दे. पलीकडच्या शेतांत बायका लावणी करतायत, ती चांगली दाखवतें."

 मग अर्ध्या चड्डीतले एक गृहस्थ, बहुधा त्यांचे पुढारी, समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "काकू, तुमचं अगदी बरोबर आहे. पण आम्ही अनुभव घ्यायला आलोय. बघायला यूट्यूब आहेच की."

सगळे हसले. "आणि एवढ्याशा तुकड्यानं काय फरक पडतोय?" टोपीवाल्या बाईंनी भर घातली. मला त्या सगळ्यांची किळस आली. शिकलेली, चांगल्या घरची, तांदूळ पॉलिशचा की बिनपॉलिशचा यावर तासभर बोलतील अशी माणसं.

प्रद्युम्ननं पॉवर टिलर आणला आणि स्वतःच चालवला. बायका माडाखाली पाठ फिरवून बसल्या. मी मात्र बघत राहिले. ओलं भात टिलरखाली जाताना काही आवाज होत नाही. दोन-चार फेऱ्यांत सगळं काळं, मऊ, सपाट झालं.

"अक्का, सांगा आतां," प्रद्युम्न म्हणाला.

"ही चिखलणी," मी म्हटलं. आवाज नेहमीचाच ठेवला. रडले असते तर त्याचाही व्हिडिओ निघाला असता.

मंडळी किंचाळत उतरली. रोपं आडवीतिडवी खोचली गेली. टोपीवाल्या बाईंच्या हाताला चिखलात काहीतरी लागलं. त्यांनी ओढून काढली, एक अख्खी हिरवी काडी, वरच्या बाजूला फुगलेली.

"काकू, हे काय आलं?"

"तुमच्या फोनमधें आहे," मी म्हटलं.

त्यांना काही कळलं नाही. काडी माझ्या हातात देऊन त्यांनी बोटं पदराला पुसावीत तशी टोपीला पुसली. "आणि लावणी झाल्यावर पुढे काय असतं हो?"

"पुढें जेवण."

"मस्त!" त्या म्हणाल्या.

मी जेवायला थांबले नाही. नळावर काडी धुतली, कमरेला खोचली आणि सरकारी बसनं तंजावुरात, राजवाड्यामागच्या माझ्या गल्लीत परत आले. उपटलेल्या काडीतली लोंबी पाण्यात ठेवून पिकत नसते. हे मी गावोगाव सांगितलं आहे, आणि न ऐकणाऱ्यांना तोंडावर मूर्खही म्हटलं आहे. पितळेच्या पेल्यात पाणी घेतलं, काडी त्यात उभी केली आणि पेला खिडकीत ठेवला.

सकाळी उठून पहिलं ते पाणी बदललं.