न उघडलेले डोळे

मी एक जुनं डालं आहे. तुराट्यांचं विणलेलं, कडेच्या दोन-चार काड्या मोडलेलं. हट्टा गावच्या तातेरावांनी मला आपल्या अंगणात बसून विणलं. अशी घट्ट वीण आता कुणाला येत नाही, असं शेजारपाजारच्या बाया म्हणाल्या. पुष्कळ वर्षं मी कोंबड्या झाकल्या. मग तारेची जाळी आली आणि मला कापसाच्या खोलीत आडवं टाकून दिलं.

मित्रांनो, तिथे भुरी मांजर माझ्यात व्याली. तीन पिल्लं झाली. मिटल्या डोळ्यांनी ती माझी भिंत नखांनी चाचपत, आईचं दूध शोधत. त्या खसखशीने मला पुन्हा कामाला लागल्यासारखं वाटे.

डोळे उघडायच्या वेळी मात्र पापण्या पिवळ्या घाणीने चिकटल्या, आत पू साचून फुगल्या. मनकर्णाबाई म्हणजे तातेरावांची बायको. घरातल्या प्रत्येक तान्ह्याच्या डोळ्यांत त्यांनीच एरंडेलाच्या दिव्याचं काजळ घातलेलं. तेच त्यांनी बोटावर घेतलं. सून पुनम म्हणाली, "आत्याबाई, नका घालू. डॉक्टरला दाखवू."

"काहून? तुझ्या नवऱ्याला मीच घातलं. तो आंधळा झाला का?"

"आंधळे न्हाईत, पण समोरचा तांब्या दिसत न्हाई त्यांना."

मनकर्णाबाई हसल्या. मग मायेनेच त्यांनी चिकटलेल्या पापण्या फाकवून काजळ घातलं.

दुसऱ्या दिवशी डोळे आणखी सुजले. करड्या पिल्लाने दूध सोडलं. दुपारपर्यंत ते माझा तळ खाजवत राहिलं आणि मग थांबलं. भुरी त्याला चाटतच होती.

पुनमने उरलेली दोन वसमतला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी काजळ बंद करायला सांगितलं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवायचा, घाण मऊ करून हलक्या हाताने पुसायची, पापणी ओढायची नाही. प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. औषध त्यांनी दिलेलंच घालायचं, माणसाचं नाही. मनकर्णाबाईंनी ते सगळं स्वतः केलं. एका पिल्लाचे दोन्ही डोळे उघडले. दुसऱ्याच्या एका डोळ्यावर पांढरा पडदा राहिला.

ती दोघं आता अंगणभर उंडारतात. भुरी मात्र अजून माझ्यात येते, तळ हुंगते, चाटते. ती गेली की खसखस सुरू होते. वारा नसतो, उंदीर नसतो. एकदा मनकर्णाबाई कापूस काढायला आल्या आणि दारातच थबकल्या. मग वाकून त्यांनी माझ्यात हात घातला.

"लेकरा, उघडला का रे डोळा?" त्यांनी हळूच विचारलं आणि कितीतरी वेळ हात तसाच ठेवला.

पुनम मला चुलीत घालू म्हणाली. त्या नको म्हणाल्या.

मित्रांनो, पिल्लाचे डोळे चिकटलेले दिसले, तर माया जरूर करा, पण त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे न्या. माझ्यातल्या त्या पिल्लाने ऊन पाहिलं नाही, अंगण पाहिलं नाही. त्याला ठाऊक असलेलं सगळं जग म्हणजे मी, आणि ते अजून माझ्यातून बाहेरची वाट चाचपतं आहे.