निळ्या उंटाचं शेपूट

उजाडता उजाडता नेल्डा ट्विचेल ‘निळा उंट’ हॉटेलच्या मागच्या अंगणात पोचली. थोड्याच वेळात हॉटेल सुरुंग लावून पाडणार होते. लास वेगासमध्ये पाडापाडीचीही जत्रा भरते. समोरच्या गच्च्यांवर लोक शॅम्पेन घेऊन केव्हाचे बसले होते.

नेल्डाला एकच गोष्ट हवी होती, उंटाचं शेपूट. छपरावरचा निळ्या निऑन दिव्यांचा उंट तिच्या नवऱ्यानं, आर्लोनं, घडवला होता. काचेची नळी ज्योतीवर मऊ करायची आणि हळूच फुंकत वाकवायची. आर्लो गेला, पण त्याची फुंकर त्या शेपटात अजून असेल, असं तिला आपलं वाटायचं. ती दोघं इथं आली तेव्हा उंटापलीकडे नुसतं वाळवंट होतं. शेपूट हललं की वाळू निळी व्हायची. मग त्या वाळूतून नवनव्या हॉटेलांचा पिरॅमिड उगवला, कालवा वाहिला, आयफेल टॉवर आला, आणि त्यांच्या गर्दीत उंट बिचारा दिसेनासाच झाला.

आता तो अंगणात आडवा पडला होता. रखवालदार एफ्रेन पूर्वी इथंच पाहुण्यांचं सामान उचलायचा. त्यानं शेपूट सोडवून ठेवलं होतं.

“घ्या नेल्डाबाई. नाहीतरी भंगारातच जायचं.”

तिनं ते घेतलं. क्षणभर वाळू निळी झाल्यासारखी वाटली. मग तिनं शेपूट खाली ठेवलं, एक टाळी वाजवली आणि दोन्ही तळवे आभाळाकडे उलटे करून दाखवले. जन्मभर तिनं इथल्या जुगाराच्या टेबलावर पत्ते वाटले होते. टेबल सोडताना टाळी वाजवून छतातल्या कॅमेऱ्याला रिकामे हात दाखवायचे, काही उचललं नाही म्हणून, हा तिथला नियम.

एफ्रेन हसला. “अहो, कुणाला दाखवताय? इथं वर छत तरी आहे का?”

“मेले हात ऐकतच नाहीत रे.” तिनं पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा टाळी. आता तिला रडूच आलं. इतक्या जवळ येऊन आर्लो इथंच राहणार होता.

भोंगा वाजला. अंगण रिकामं करायचं होतं.

“दोन्ही हातांनी धरा बघू,” एफ्रेननं शेपूट तिच्या कवेत दिलं, “आणि चला.”

रस्त्यापलीकडे पोचेपर्यंत धडाका झाला. हॉटेल गुडघे टेकल्यासारखं खाली बसलं. गुलाबी धूळ उठली आणि गच्च्यागच्च्यांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला.

नेल्डानं टाळी वाजवली नाही. तिचे हात रिकामे नव्हते.