पाय नाही लागला

दमयंतीचा पाय होम प्लेटला लागला नव्हता, आणि हे तिच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

वाशीच्या मैदानावर शाळांची सॉफ्टबॉल फायनल. शेवटची इनिंग, नेरूळची शाळा एका रनने मागे, दोन मुली आउट. जमिनीतल्या होम प्लेटला स्पर्श केला की रन. तिसऱ्या बेसवर त्यांचीच, सारसोळे गावची दमयंती, दुसऱ्यावर उत्कर्षा. फटका लांब गेला, दोघी एकामागोमाग प्लेट ओलांडून आल्या आणि नेरूळच्या पोरींनी मैदान डोक्यावर घेतलं. तेवढ्यात समोरच्या संघाचे इंद्रजित सर ओरडत आले, "पहिलीने प्लेट टचच नाय केली! आउट द्या!" दमयंती आउट म्हणजे तिसरी आउट, इनिंग तिथेच खलास. मग उत्कर्षाचाही रन गेला आणि मॅचही गेली.

पंच कमळाकर सरांनी विचारलं, "पाय लागला का गं?"

'हो' म्हणायला काय जात होतं? पण धडधडीत खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"नाय लागला सर. वरून उडी मारली."

"का?"

"आज खंडेनवमी हाय ना. सकाली आमीच पूजा केली या प्लेटची. पाय कसा देनार? म्हनून लगेच वलून हात लावला नि पाया पडले."

उत्कर्षाने कपाळाला हात लावला. दिवसभर दोन्ही संघ त्या प्लेटवर बूट घासत होते आणि हिची भक्ती नेमकी आत्ता जागी झाली!

"हातानं कुठं असतं का?" इंद्रजित सर हसले.

कमळाकर सरांनी खिशातलं नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला, सावकाश पान शोधलं. दमयंतीच्या मनात आलं, आपल्यापायी सगळ्या पोरी हरणार!

"शरीराचा कुठलाही भाग लागला तरी चालतो," सर म्हणाले. "पण माझी नजर बॉलवर होती. हेतल, तू कॅचर, प्लेटच्या मागेच होतीस. हिचा हात लागला का? बॉल यायच्या आधी?"

हेतल इंद्रजित सरांच्या संघातली. तिने सरांकडे पाहिलं, तर त्यांनी डोळे वटारलेले. संपलं सगळं, असं दमयंतीला वाटलं.

"लागला सर. बॉल नंतर आला."

"हेतल!"

"ती पायाचं खरं बोलली ना सर. मग मी हाताचं खोटं कशी बोलू?"

"रन धरला!" पंचांनी हात वर केला.

दमयंतीचा जीव भांड्यात पडला. सगळ्या पोरी तिच्याकडे धावल्या, पण तिने हेतललाच मिठी मारली आणि भोकाड पसरलं. हरलेली हेतल तिची पाठ थोपटत राहिली.