ताईची सही

मी अडतीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. साहेब असो की शिपाई, सहीशिवाय एक खिळा बाहेर जाऊ दिला नाही. माझ्यामागे लोक मला 'नियमवाले कृष्णराव' म्हणायचे. मला ते कळायचं आणि बरंही वाटायचं. असल्या माणसानं बहिणीला न विचारता घर विकायला काढलं, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला गेलो तर पुन्हा काहीतरी सोयीचं लिहीन.

घर शहापूरचं. जागा वडिलांची. ते गेल्यावर ग्रामपंचायतीच्या कागदावर दोन नावं चढली, माझं आणि चंद्रभागाताईचं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, नदीपलीकडे कारध्याला दिलेली. जागेवर घर मात्र मी बांधलं, पीएफमधून पैसे काढून. त्यामुळे सगळं माझंच, असं मी धरून चाललो. नोकरीभर जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहिलो, रिटायर झाल्यावर बायकोच्या, निर्मलाच्या हट्टापायी भंडाऱ्यात फ्लॅट घेतला आणि शहापूरचं घर विकायला काढलं. गिऱ्हाइकं यायची, त्यांना घर आवडायचं, मग ती कागद मागायची आणि तिथं घोडं अडायचं.

ताईकडून हक्कसोडपत्र करून घेणं एवढाच इलाज होता. एक साडी, एक दिवस, एक सही. पण आजकाल बहिणी हिस्सा मागतात, आमच्याच भावकीत एकीनं मागितला होता. ताईनं मागितला तर? त्या एका भीतीपायी मी तिला विचारलंच नाही.

तेवढ्यात अंकुश आला. शहापुरात हायवेला लागून त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. शेतातले जळलेले पंप दुरुस्त करायचा. घरी बायको रुचिता आणि आई पार्वताबाई. कमाई बरी होती, पण पगाराची स्लिप नाही म्हणून बँक त्याला दारात उभी करत नव्हती.

"काका, घर तर पायजे," तो म्हणाला. "पण एकदम पैसे कुठून आणू?"

मी त्याला भाड्यातून मालकीची योजना सांगितली. कुठल्याशा पेपरात वाचली होती. घराची किंमत आजच ठरवायची, अठरा लाख. दर महिन्याला नऊ हजार भरायचे, त्यातले चार हजार किमतीत जमा. पाच वर्षं नियमानं भरलं की बँकेलाही भरवसा वाटेल, ती कर्ज देईल, उरलेली रक्कम एकदम चुकती करायची आणि विक्रीपत्र नावावर. भाव वाढला तरी तुझी किंमत तीच. उद्यापासून घरात राहायला ये.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. योजना चांगलीच आहे, गरजवंताला पाय ठेवायला जागा देते. पण तिचा सगळा भार एका गोष्टीवर असतो, घर देणाऱ्याच्या दानतीवर. आणि मला त्या योजनेत भलतंच आवडलं होतं. कागद पाच वर्षांनी लागणार होते, आज नाही.

करार मीच टाइप केला. दुरुस्ती घेणाऱ्यानं करायची, असं एक कलम. अकरावं कलम असं, की मुदतीच्या आत कोणत्याही कारणानं बँकेचं कर्ज मंजूर झालं नाही, तर घेणाऱ्याचा हक्क संपेल, जमा रक्कम परत मिळणार नाही आणि तो साधा भाडेकरू राहील. 'कोणत्याही कारणानं' हे दोन शब्द मी घातले, आणि घालताना मला ताई आठवली होती. अंकुशनं न वाचताच सही केली. "तुमी लिहिलं म्हंजे बरोबरच असन," म्हणाला.

पुढच्याच महिन्यात लॉकडाऊन लागलं. दुकान बंद झालं. अंकुशनं हातगाडीवर वांगी-टमाटे विकले, पण माझ्या खात्यात पाच तारखेला पैसे पडले ते पडलेच. पाच वर्षांत त्यानं घराचं रूप पालटलं. छपरावरची गळकी कवेलू काढून स्लॅब टाकला, बोअर मारलं, लोखंडी गेट लावलं. भाड्याच्या घराला कोणी असं करत नाही. तो ते घर स्वतःचं समजून करत होता, आणि मी जाऊन चहा पिऊन, कौतुक करून येत होतो.

मुदत फेब्रुवारीअखेर संपणार होती. डिसेंबरात बँकेनं अंकुशचं कर्ज जवळपास मंजूर केलं. फक्त एक कागद मागितला, चंद्रभागाबाईंचं हक्कसोडपत्र.

तेव्हा जरी मी नदी ओलांडून ताईकडे गेलो असतो तरी सगळं निभलं असतं. पण त्याच आठवड्यात एक प्लॉटवाला मला भेटला. हायवेच्या कामानं शहापूरचे भाव चढले होते, तो पस्तीस लाख देईन म्हणाला. कागदाचं काय ते मी बघतो, असंही म्हणाला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसलो की फेब्रुवारी निघून जाणार होता आणि अकरावं कलम माझं काम करणार होतं.

अंकुश जानेवारीत तीनदा आला. पहिल्यांदा म्हणालो, ताईची तब्येत बरी नाही. दुसऱ्यांदा म्हणालो, तिचा मुलगा बाहेरगावी आहे. तिसऱ्यांदा रुचिताही सोबत होती. मला दुसरं काही सुचलं नाही.

"ताई सही देत नाही रे," मी म्हणालो. "हिस्सा मागते. मी हात जोडून थकलो."

रुचिताच्या डोळ्यांत पाणी आलं. अंकुश उलट मलाच धीर देत म्हणाला, "जाऊ द्या काका, तुमी तरी काय करसान. सख्ख्या बहिणीशी भांडता थोडी येते."

ते गेल्यावर निर्मलानं विचारलं, तुम्ही कारध्याला गेलात कधी? मी तिच्यावर खेकसलो. चूक माझी असली की मी आधी आवाज चढवतो, ही माझी जुनी खोड.

फेब्रुवारीच्या अठरा तारखेला ताईचा फोन आला. ती सहसा फोन करत नाही.

"किसना, परवा दहा वाजता रजिस्ट्रीच्या हापिसात ये. मी येऊन राहिली."

"कशाला ताई?"

"सही कराले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन रात्री मला झोप नाही. वीस तारखेला गेलो तर ऑफिसच्या बाहेर बाकावर ताई एकटी बसलेली. समोरच्या बाकावर अंकुश, रुचिता आणि पार्वताबाई. ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. रुचितानं मला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा मला उलगडा झाला.

ती दोघं स्वतःच कारध्याला गेली होती. नारळ आणि खण घेऊन. रुचितानं ताईची ओटी भरली, पाय धरले आणि म्हणाली, आत्याबाई, तुमी काहून अडून बसल्या, आमचं घर जाऊन राहिलं. ताईला कशाचाच पत्ता नव्हता. घर विकायला काढलं हे तिला ठाऊक नव्हतं, सही हवी हेही नाही. ती उठून आत गेली. थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसत बाहेर आली.

"मंग म्हणाल्या, हाव, मीच अडून बसली होती," रुचिता सांगत होती. "म्हणाल्या, किसना लय बोलला मले, पण मी नाही आयकलं. चुकलं माहं. बरं झालं काका आमी गेलो, नाही?"

मी मान हलवली. माझं खोटं माझ्या बहिणीनं पदरात घेतलं होतं, मला वाचवायला.

पार्वताबाईंना मात्र राहवलं नाही. त्या उठून ताईसमोर उभ्या राहिल्या. ऑफिसात माणसांची गर्दी होती.

"बाई, वयानं मोठ्या आहा तरी सांगते. माह्या सुनेनं दोन महिने धड अन्न नाही खाल्लं. पोरानं पाच वर्सं पोटाले चिमटा घेतला. तुमाले त्या घरातलं काय नेणं होतं?"

"चुकलं बाई माहं," ताई म्हणाली. मान खाली.

मी दोन पावलांवर उभा होतो. तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं. मी हातातल्या फाइलमधले कागद पुन्हा एकदा लावायला लागलो. अडुसष्ट वर्षांचा माणूस, आणि बहीण माझ्यापायी बोलणी खात असताना मी कागद लावत होतो.

ताईनं सही केली, अंगठे दिले, फोटो काढला. एक रुपया मागितला नाही. बाहेर आल्यावर मी तिच्यासाठी ऑटो केला आणि तिच्याबरोबर बसलो. ऑटोनं वैनगंगेचा पूल ओलांडला.

"ताई," मी सुरुवात केली.

"तुले सही मागाची लाज वाटली," ती शांतपणे म्हणाली. "अन् मले वाईट ठरवाची लाज नाही वाटली तुले." कारध्याच्या फाट्यावर तिनं ऑटो थांबवला. "इथूनच जा वापस. घरी सून इचारन तर मले काही सांगता येनार नाही."

मुदतीच्या आत कर्ज मंजूर झालं आणि मार्चमध्ये विक्रीपत्र झालं. ठरल्याप्रमाणे, अठरा लाखांतच. एप्रिलात अंकुशनं वास्तुशांत ठेवली. निमंत्रण द्यायला दोघं भंडाऱ्याला आली. "काका, तुमचा मान पहिला," तो म्हणाला. मग जरा चाचरत, "आत्याबाईले नाही बोलावलं. आईचा राग गेला नाही अजून."

मी तेव्हाही गप्प बसलो. वास्तूच्या दिवशी निर्मलाला घेऊन गेलो. शंभरेक माणूस असेल. मांडवात पंगत बसली, पत्रावळी मांडल्या, वांग्याच्या भाजीचा, बुंदीचा वास सुटला होता. मला मधोमध बसवलं. पार्वताबाईंनी स्वतः माझ्या खांद्यावर शेला घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्या मानसामुळं आमाले घर भेटलं. स्वतःच्या बहिणीशी वैर घेतलं, पण शब्द पाळला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेला मला अंगावर सहन होईना. मी तो काढून मांडीवर ठेवला.

"ताईनं कधी नाही म्हटलंच नव्हतं," मी म्हणालो. आवाज आपोआप लहान झाला होता. "मी तिला विचारलंच नव्हतं. मुदत संपायची वाट पाहत होतो. घर मला दुसऱ्याला विकायचं होतं."

टाळ्या थांबल्या. वाढपी बादल्या घेऊन होते तिथंच उभे राहिले. निर्मलानं पदर तोंडाला लावला. अंकुश माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी परक्या भाषेत बोलतोय. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पार्वताबाई मुलाकडे वळल्या.

"अंकुश, गाडी काढ. कारध्याले जाय अन् त्या बाईले घेऊन ये. पाया पड, काहीपन कर, पन आन." वाढप्यांना म्हणाल्या, "तोवर कोनाच्याच पानात काही वाढाचं नाही."

मी उठायला लागलो. पार्वताबाईंनी हातानंच बस म्हणून खुणावलं.

जाऊन यायला एक तास लागला. शंभर माणसं रिकाम्या पत्रावळींपुढे बसून राहिली. लहान लेकरं भुकेनं रडायला लागली, त्यांच्या आया त्यांना घेऊन बाहेर गेल्या. माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. शेजारचा माणूस थोडा सरकून बसला. उन्हानं मांडव तापला होता आणि मी माझ्या पत्रावळीच्या काड्या मोजत होतो.

गेटाशी गाडी थांबली. पार्वताबाई पुढे झाल्या, ताईचे दोन्ही हात धरले, रुचितानं पाय धुतले. ताईनं कोणाला काही विचारलं नाही. पार्वताबाईंनी तिला हाताला धरून माझ्याजवळ आणलं. मी वर पाहू शकलो नाही, मला फक्त तिचे ओले पाय दिसले.

ती माझ्या रिकाम्या पत्रावळीकडे पाहत म्हणाली, "किसना, अजून जेवला नाही का रे तू?"